अनाथ चिंपांझी, गोरिला, ओरांगउटानच्या पिल्लांना मदत करायचीये? मुलांचे (आणि आईबाबांचे) नेहमीचे प्रश्न

एप्सच्या पिल्लांसाठी पैसे गोळा करणाऱ्या, पोस्टर बनवणाऱ्या, वर्गात उभं राहून बोलणाऱ्या मुलामुलींबरोबर मी काही वर्षं काम करतेय. प्रश्न तेच तेच येतात, वेळी-अवेळी येतात, परीक्षेच्या आदल्या रात्री पण येतात (अभ्यास कर रे बाबा), म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्रम वगैरे काही नाही, तुमचा जो प्रश्न असेल तिथून वाचा.

ताई, एप म्हणजे माकडच ना?

नाही. शेपूट बघायचं. माकडांना बहुतेक वेळा असतं, एपला नसतंच. मोठे एप म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान, आणि खरं सांगायचं तर त्याच घरातले आपणही. गिबन हे लहान एप. पुस्तकात कपी किंवा मानवसदृश वानर लिहितात पण बोलताना कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मी एपच लिहिणारे. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आफ्रिकेत आणि ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवर. ओरांगउटानच्या तीन प्रजाती आहेत, तिसरी टापानुली ही तर २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली आणि ओळख होते न होते तोवर कळलं की ८०० सुद्धा उरलेले नाहीत. चिंपांझी आणि बोनोबो धोक्यात, गोरिला आणि ओरांगउटान अतिधोक्यात, असं एकूण आहे.

सँक्च्युरी म्हणजे अभयारण्य का? की झू?

दोन्ही नाही. अभयारण्य म्हटलं की जीपमधून फिरायचं जंगल डोळ्यासमोर येतं. इथे सँक्च्युरी म्हणजे अनाथाश्रम, दवाखाना आणि शाळा, तिन्ही एकाच कुंपणात. प्राणी विकत घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत, पिल्लं जन्माला घालायची नाहीत (माद्यांना गर्भनिरोधक देतात, कारण पिंजऱ्यात अजून एक पिल्लू म्हणजे उद्या येणाऱ्या अनाथाची जागा गेली), आणि लोकांच्या करमणुकीसाठी नाचवायचं तर अजिबातच नाही. आफ्रिकेतल्या अशा सँक्च्युरींनी मिळून २००० साली पॅन आफ्रिकन सँक्च्युरी अलायन्स काढली, तिला सगळे पासा म्हणतात. पुढे हे नाव परत येणारे.

पिल्लं अनाथ होतात कशी? आई सोडून देते का?

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं विचारायचं टाळतात. आई सोडत नाही. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला अंगावरून खाली ठेवत नाही, चार-पाच वर्षं दूध पाजते, आणि ओरांगउटानची तर सात-आठ वर्षं एकाच पिल्लाला घेऊन फिरते, तोवर दुसरं होऊ देत नाही. अशा आईकडून पिल्लू घ्यायचं तर एकच मार्ग असतो.

आफ्रिकेत शिकारी मांसासाठी मोठ्यांना मारतात, पिल्लू खाण्याइतकं नसतं म्हणून ते विकायला नेतात, कोणाच्या तरी घरात पाळीव म्हणून, हॉटेलात गिऱ्हाईक खेचायला, किंवा सीमेपलीकडे तस्करीत. बरं, चिंपांझी आणि गोरिला कळपात राहतात, आईला वाचवायला बाकीचे धावून येतात आणि तेही मारले जातात. म्हणजे एका पिल्लामागे किती गेले ते मोजायला कोणी नसतं. बोर्निओ-सुमात्रात वेगळं, तिथे जंगल तोडून पाम तेलाचे मळे होतात, उपाशी ओरांगउटान मळ्यात शिरतात, लोक त्यांना उपद्रवी म्हणून मारतात आणि पिल्लू घरी नेतात. त्यात वणवे. २०१५ च्या इंडोनेशियातल्या वणव्यांत धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला होता, जंगलातल्यांचं काय झालं असेल ते बघा.

या सगळ्या एप्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा देशादेशांतला करार) बंद आहे, म्हणजे कायदा आहे, पण जप्त केलेलं पिल्लू ठेवायचं कुठे हा प्रश्न पोलिसासमोर असतो, आणि ठेवायला जागा नसेल तर तो जप्तीच करत नाही. सँक्च्युरी नसेल तर कायदा कागदावरच राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

पिल्लू आल्यावर तिथे नक्की काय करतात?

आधी क्वारंटाइन. बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांपर्यंत. क्षय, कावीळ, जंत, सगळ्याच्या तपासण्या. बरीच पिल्लं कमरेला दोरी करकचून बांधलेली येतात, ती दोरी मांसात रुतलेली असते, कोणाच्या अंगात छर्रे असतात, हाताची बोटं फासात तुटलेली असतात. हे सगळं औषधानं बरं होतं. अवघड असतं ते पुढचं.

पिल्लू बसून राहतं. स्वतःलाच मिठी मारून डोलत राहतं, बाटली पुढे केली तर तोंड फिरवतं. म्हणून त्याला चोवीस तास एक माणूस देतात. डीआर काँगो या देशाची राजधानी किन्शासा, तिच्याजवळच्या लोला या बोनोबोमध्ये (लिंगाला भाषेत लोला या बोनोबो म्हणजे बोनोबोंचा स्वर्ग, क्लॉडिन आंद्रे यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली) या बायकांना सगळे मामां म्हणतात, म्हणजे आयाच. मामां पिल्लाला पोटाशी धरते, दर काही तासांनी वरचं दूध पाजते, अंगावरचे केस चाळत बसते कारण एपमध्ये केस चाळणं म्हणजे माया, आणि गुदगुल्या करते. पहिल्यांदा पिल्लू हसलं की सगळ्या स्टाफला कळतं. हो, एप हसतात, आवाज आपल्यासारखा खळखळ नसतो, धापा टाकल्यासारखा असतो.

आणि मग उलटं काम सुरू होतं, त्याला त्या कडेवरून उतरवायचं. बोर्निओतल्या न्यारू मेंतेंग केंद्रात (१९९९ पासून) सकाळी ओरांगउटानच्या पिल्लांना बांधकामावर असते तसल्या एकचाकी हातगाडीत बसवून जंगलात नेतात, एका गाडीत चार-पाच, एकमेकांचे कान-केस धरून, एखादं मध्येच उडी मारून पळतं आणि बाई मागे पळते. त्याला ते फॉरेस्ट स्कूल म्हणतात. तिथे शिकायचं काय, तर झाडावर चढायचं, कुठलं फळ खायचं, सापाला घाबरायचं, आणि संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायला घरटं करायचं. आईनं सात वर्षांत शिकवलं असतं ते सगळं, आणि वेळही जवळपास तेवढाच लागतो.

मी पंधरा वर्षांचा आहे. सुट्टीत तिकडे जाऊन पिल्लं सांभाळू शकतो का?

नाही.

वाईट वाटतंय सांगायला पण नाही. बहुतेक सँक्च्युरी स्वयंसेवकाला किमान १८ वर्षं मागतात, काही २१. आणि वय झालं तरी पिल्लू हातात मिळेलच असं नाही, चांगल्या ठिकाणी तर बहुधा मिळतच नाही.

पण का? मी हात धुवून, मास्क लावून घेईन ना

दोन कारणं आहेत आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत, नीट वाचा.

एक म्हणजे आजार. आपली आणि चिंपांझीची जनुकं ९८ टक्क्यांच्या वर सारखी, त्यामुळे आपली सर्दी त्यांना लागते आणि त्यांच्याकडे तिच्याविरुद्ध काही नसतं. २०१३ मध्ये युगांडाच्या किबाले जंगलात चिंपांझींच्या एका कळपात सर्दीचा विषाणू शिरला, रायनोव्हायरस सी, माणसाच्या लहान मुलांना ज्यानं नाक गळतं तो. ५६ पैकी ५ मेले. म्हणून जंगलात बघायला गेलं तरी मास्क आणि निदान सात मीटर लांब, अलीकडे दहा. तुम्ही विमानात रात्रभर शिंकणाऱ्या माणसाशेजारी बसून आलात आणि सकाळी पिल्लाला पोटाशी धरलंत तर काय होईल विचार करा.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या पिल्लानं एक आई गमावलीय. आता तुम्ही जाणार, दोन आठवडे कडेवर घेणार, त्याला वाटणार हीच आपली, आणि मग तुमची सुट्टी संपणार. पुढच्या महिन्यात दुसरी कोणीतरी, मग तिसरी. दर दोन आठवड्यांनी आई जाते हे त्याला आपण शिकवणार का? म्हणून तिथली माणसं कायमची लागतात, त्याच गावातली, वर्षानुवर्षं तीच. आपल्याला पुळका येतो त्याची किंमत पिल्लानं का मोजायची.

मग अठरा झाल्यावर जे जातात ते करतात तरी काय?

फळं धुतात. खोटं नाही सांगत, दिवसाचा मोठा भाग फळं-भाज्या धुण्यात, चिरण्यात, वजन करण्यात जातो. पिंजरे धुणं (शेण-मूत, उपसा, ब्रश, परत पाणी), कुंपणाच्या तारा तपासणं, नोंदी लिहिणं, कम्प्युटर दुरुस्त करणं, भेट द्यायला आलेल्या शाळेच्या मुलांना माहिती देणं. जाण्याआधी क्षयाची चाचणी, गोवर, कावीळ वगैरेच्या लसी, आणि जेवणखाण-राहण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी आपणच द्यायचे असतात.

त्यातलं मजेचं काम म्हणजे एन्रिचमेंट. पिंजऱ्यातला एप कंटाळतो, आणि कंटाळलेला चिंपांझी स्वतःचे केस उपटतो किंवा दुसऱ्याशी भांडणं काढतो, म्हणून त्याच्या जेवणाचं कोडं करायचं. लाकडाला भोकं पाडून आत मध भरायचा म्हणजे तो काडी शोधेल, काडीची पानं सोलेल, भोकात घालून मध चाटेल, जंगलात वाळवी काढतात तसं. गोणपाटात गवत कोंबून त्यात शेंगदाणे लपवायचे. फळं रसात गोठवायची. जुन्या फायर ब्रिगेडच्या पाइपांचे झोपाळे विणतात, ते टिकतात कारण बाकी काहीही चिंपांझी अर्ध्या तासात फाडून ठेवतो. ही कोडी कागदावर डिझाइन करायला घरबसल्याही येतं, फक्त पाठवण्याआधी तिथल्या लोकांना विचारा की त्यांच्याकडे कुठलं सामान मिळतं, नाहीतर तुम्ही सुंदर ड्रॉइंग पाठवाल आणि त्यातला एकही नट-बोल्ट तिकडे मिळणार नाही.

पिल्लांसाठी खेळणी, ब्लँकेटं पाठवली तर?

विचारल्याशिवाय नको. आम्ही केलंय हे, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी उत्साहात दोन मोठी खोकी भरून मऊ खेळणी आणि पांघरुणं जमवली, मुलांनी प्रत्येक खेळण्याला चिठ्ठी बांधली, आणि मग कळलं की पाठवायचा खर्च आतल्या मालापेक्षा जास्त. तरी पाठवलं. तिकडे कस्टमनं अडवलं आणि सोडवून घ्यायचे पैसे कोणाला भरायला लागले, तर ज्यांना मदत करायची त्याच सँक्च्युरीला. वर त्यांनी फार प्रेमानं कळवलं की खेळण्यांचे बटणाचे डोळे पिल्लं काढून गिळतात, त्यामुळे सगळे डोळे कापून टाकले. मुलांना ते डोळे नसलेल्या अस्वलांचे फोटो दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

बऱ्याच सँक्च्युरी गरजेच्या वस्तूंची यादी लावतात. त्यात असेल तेच, आणि जमलं तर पैसे, म्हणजे ते त्यांच्याच बाजारात घेतात आणि तिथल्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात.

पैसे म्हणजे किती? आमच्याकडे तर खाऊचेच आहेत

किती हा प्रश्न चुकीचा, किती दिवस हा बरोबर. चिंपांझी माणसाच्या देखरेखीत पन्नास वर्षंही जगतो. आज आलेलं एक वर्षाचं पिल्लू, तुम्हाला नातवंडं होतील तेव्हा त्याच सँक्च्युरीत असू शकतं, आणि त्याला रोज जेवायला लागेल. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरात एन्गांबा बेट आहे, एन्टेबेपासून २३ किलोमीटरवर, १९९८ मध्ये सँक्च्युरी झाली. साधारण शंभर एकर जंगल, पन्नासेक चिंपांझी. शंभर एकर ऐकायला खूप वाटतं पण तेवढ्या जंगलातली फळं पन्नास जणांना पुरत नाहीत, म्हणून दिवसातून अनेक वेळा जेवण द्यायला लागतं आणि ते सगळं बोटीनं येतं. ज्या दिवशी बोटीच्या इंधनाला पैसे नसतील त्या दिवशी काय?

म्हणून सँक्च्युरीवाले कोणालाही विचारा, एकदम आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारी छोटी रक्कम त्यांना जास्त आवडते, कारण तिच्यावर पगार ठरवता येतो. वर्गातल्या तीस जणांनी मिळून वर्षभर एक पिल्लू दत्तक घेतलं तरी चालतं. दत्तक म्हणजे नावापुरतं बरं का, सर्टिफिकेट आणि फोटो येतो, पिल्लू घरी येत नाही. (हसू नका, एका आजोबांनी खरंच विचारलं होतं, कुठे ठेवायचं म्हणून.)

पैसे जमवायच्या आयडिया द्या ना

या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सुचतात. आमच्याकडे चाललेल्या आयडिया सांगते: जुन्या पुस्तकांची विक्री, वाढदिवसाला गिफ्टऐवजी देणगी, चालण्या-पळण्याच्या शर्यतीत प्रत्येक फेरीमागे पैसे कबूल करून घेणं, हातानं काढलेली कार्डं. एका मुलीनं एक आठवडा रोज वेगळ्या एपसारखं झोपायचं घरटं अंथरुणा-पांघरुणांचं करून फोटो टाकले आणि लोकांनी पैसे दिले, आईनं मात्र त्या आठवड्यात तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

एक सांगते, हिशोब. कोणाकडून किती आले, कधी पाठवले, पावती कुठे. मोठ्या माणसाच्या खात्यातून पाठवा आणि पावती सगळ्यांना दाखवा. एकदा जरी कोणी म्हणालं की पैसे कुठे गेले, तर पुढच्या वर्षी कोणी देत नाही.

जुने मोबाईल गोळा करण्याचा आणि गोरिलाचा काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न कारण मुलांचे डोळे विस्फारतात. मोबाईलच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमध्ये टँटलम नावाचा धातू असतो, तो कोल्टान नावाच्या खनिजातून निघतो, आणि कोल्टानचा मोठा साठा डीआर काँगोच्या पूर्व भागात आहे, तिथेच जिथे ग्राउअर गोरिला (गोरिलांचाच एक प्रकार) राहतात. काहूझी-बिएगा राष्ट्रीय उद्यानात बेकायदा खाणी झाल्या, खाणीवर माणसं आली, माणसांना खायला मांस लागलं, जवळ काय होतं तर गोरिला. म्हणून काही प्राणिसंग्रहालयं आणि संस्था जुने फोन रिसायकलिंगला गोळा करतात, मिळालेले पैसे एप्सना देतात.

एका फोनमध्ये टँटलम कणभर असतं, तेव्हा शंभर फोन गोळा केल्यानं एक गोरिला वाचला असलं काही पोस्टरवर लिहू नका. पण शंभर घरांत ही गोष्ट पोचते. आणि गोळा करताना फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, त्या पेट घेतात, आणि फोनमधले फोटो-नंबर ज्याचे त्याला आधी पुसायला लावा.

पाम तेल असलेलं काहीच खायचं नाही का मग?

करून बघा एक दिवस. बिस्कीट, साबण, शाम्पू, चॉकलेट, लिपस्टिक, सगळ्यात आहे, लेबलवर कधी नुसतं वनस्पती तेल लिहितात. शिवाय एका हेक्टरमध्ये पामचं जेवढं तेल निघतं तेवढं दुसऱ्या तेलबियांचं निघत नाही, त्यामुळे सगळ्यांनी पाम सोडून दुसरं धरलं तर अजून जास्त जमीन लागेल. आगीतून फुफाट्यात. म्हणून बहिष्कारापेक्षा कंपनीला धरून विचारणं बरं की तेल जंगल तोडलेल्या जमिनीवरचं आहे का. २००४ पासून शाश्वत पाम तेलाचं प्रमाणपत्र देणारी आरएसपीओ आहे, तिच्यावरही टीका होते, पण विचारायला एक निकष तर आहे.

विचारून काही होतं का असं वाटत असेल तर हे ऐका. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००७ साली दोन मुली, गर्ल स्काउट, वय अकरा-बारा, ओरांगउटानवर प्रोजेक्ट करत होत्या. करता करता त्यांना कळलं की स्काउटतर्फे आपण दारोदार जी बिस्किटं विकतो त्यातच पाम तेल आहे. त्यांनी बिस्किटं विकायची बंद केली आणि आपल्याच संघटनेला पत्रं लिहायला लागल्या. वर्षानुवर्षं. सह्या गोळा केल्या, मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत गेल्या. २०११ मध्ये संघटनेनं पाम तेलाबद्दल धोरण जाहीर केलं, ते मुलींना पुरेसं वाटलं नाही आणि त्या भांडतच राहिल्या, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना जंगलांसाठी काम करणाऱ्यांचा पुरस्कार दिला. मला यात पुरस्कारापेक्षा ते मधलं वर्षानुवर्षं महत्त्वाचं वाटतं, अकराव्या वर्षी सुरू केलेली गोष्ट सोळाव्या वर्षीही चालू, आपल्याकडून तर डायरी फेब्रुवारीपर्यंत टिकत नाही.

कपडे घातलेल्या चिंपांझीच्या पिल्लाचा क्यूट व्हिडिओ शेअर केला तर काय बिघडतं?

बिघडतं. २०११ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, लोकांना चिंपांझीचे वेगवेगळे फोटो दाखवले, ज्यांत शेजारी माणूस उभा होता ते बघून लोकांना चिंपांझी घरी पाळायला चांगला वाटण्याची शक्यता वाढली, आणि जंगलात तो भरपूर असेल असंही वाटलं. म्हणजे एक फोटो दोन चुकीच्या गोष्टी शिकवून जातो. आणि ते पिल्लू आलं कुठून याचं उत्तर वर दिलंय.

आणखी एक गोष्ट, व्हिडिओत चिंपांझी दात दाखवून हसतोय असं वाटतं ना, तो बऱ्याचदा घाबरलेला असतो. खरं खेळकर हसू वेगळं, तोंड उघडं पण वरचे दात झाकलेले. हे एकदा कळलं की असले अर्धे व्हिडिओ बघवत नाहीत.

रागाची कमेंट पण टाकू नका, कमेंटनं व्हिडिओ अजून पसरतो. रिपोर्ट करा आणि पुढे चला. सँक्च्युरीच्या स्वतःच्या पेजवर पिल्लू कडेवर असलेला फोटो दिसला तर गोंधळू नका, पण तोही टाकावा की नाही यावर त्यांच्यातच वाद आहेत, २०२१ मध्ये आययूसीएनच्या (निसर्ग जपण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना) तज्ज्ञांनी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, सारांश असा की माणूस आणि एप एका फ्रेममध्ये शक्यतो नकोतच.

सँक्च्युरी खरी की खोटी हे ओळखायचं कसं?

माझ्या ओळखीतली एक मुलगी सुट्टीत अशाच एका ठिकाणी बरेच पैसे भरून गेली. पहिल्याच दिवशी तिच्या हातात पिल्लू दिलं, फोटो काढले, ना लसीचा कागद विचारला ना काही. तिला आधी भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं सहज विचारलं की एवढी सगळी पिल्लंच कशी, मोठे कुठे आहेत? कोणी सरळ उत्तर देईना.

तोच प्रश्न तुम्ही विचारा. पिल्लं मोठी झाल्यावर कुठे जातात. खऱ्या सँक्च्युरीत मोठे, म्हातारे, लंगडे, खवट स्वभावाचे एप दिसतात, कारण आलेले बहुतेक जण तिथेच राहतात. पैसे देऊन कुशीत घ्यायला मिळत असेल तर दुसरा दरवाजा धरा. आफ्रिकेतली असेल तर पासाची सदस्य आहे का बघा.

मोठी झाल्यावर जंगलात का सोडून देत नाहीत?

सोडतात, पण सगळ्यांना नाही. ओरांगउटान बऱ्यापैकी एकटे राहतात त्यामुळे त्यांचं थोडं सोपं, न्यारू मेंतेंगची संस्था २०१२ पासून सोडतेय. चिंपांझीचं अवघड, जंगलात आधीपासूनचा कळप असेल तर तो परक्या नराला जिवे मारतो. काँगो प्रजासत्ताकात (हा डीआर काँगोच्या शेजारचा वेगळा देश) कोंकुआतीच्या जंगलात १९९६ पासून ३७ चिंपांझी सोडले होते, तिथेही नरांवर हल्ले झाले. बोनोबोंना लोलावाले २००९ पासून एकोलो या बोनोबो नावाच्या जंगलात सोडतायत. जागा हवी, आसपासच्या गावांची तयारी हवी, शिकार थांबलेली हवी. हे तिन्ही एकत्र मिळणं म्हणजे दुर्मिळच, त्यामुळे बरेच जण कुंपणाच्या आतल्या जंगलातच म्हातारे होतात.

तिथे माणसंच गरीब आहेत, त्यांना सोडून एप्सना पैसे का?

हा प्रश्न वर्गात नेहमी मागच्या बाकावरून येतो आणि चांगला आहे. उत्तर असं की पैसे जातात माणसांकडेच. केअरटेकर, स्वयंपाकी, पहारेकरी, फळं पिकवणारे शेतकरी, सगळे तिथले. डीआर काँगोच्या पूर्वेला ग्रेस नावाचं केंद्र आहे, २००९ मध्ये सुरू झालं, अनाथ ग्राउअर गोरिलांसाठी, तिथे गोरिलांना सांभाळणारे सगळे काँगोचे लोक आहेत. सिएरा लिओनमध्ये २०१९ मध्ये चिंपांझी राष्ट्रीय प्राणी झाला, त्यामागे टाकुगामा सँक्च्युरीची अनेक वर्षांची मेहनत होती.

आणि तिथली मुलं आपली वाट बघत बसलेली नाहीत हेही लक्षात घ्या. लोलामध्ये किन्शासातली हजारो शाळकरी मुलं येऊन जातात, बोनोबो बघतात आणि घरी जाऊन सांगतात की हे मांस आणायचं नाही. बाजारात पिल्लू आलं तर ते तिथल्याच मुलांना दिसतं, आपण दूर बसून ते कधीच बघू शकणार नाही. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांचं रूट्स अँड शूट्स (मुलांनी प्राणी-निसर्गासाठी काम करायचा उपक्रम) सुद्धा टांझानियातच सुरू झालं, १९९१ मध्ये, दार-ए-सलाममध्ये त्यांच्या घराच्या ओसरीवर जमलेल्या बारा विद्यार्थ्यांपासून. आता ते पन्नासहून जास्त देशांत आहे.

यात करिअर होतं का? बाबा म्हणतात आधी डिग्री

बाबा बरोबर आहेत, पण कुठली डिग्री हे तुम्हाला वाटतं तसं नाही. प्राण्यांचे डॉक्टर लागतातच. त्याशिवाय इलेक्ट्रिशियन लागतात (कुंपणात करंट असतो), अकाउंटंट, प्लंबर, फ्रेंच येणारी माणसं, कारण काँगो, कॅमेरून, गॅबन सगळीकडे फ्रेंच. टाकुगामा सुरू करणारे बाला अमरसेकरन अकाउंटंट होते. १९८८ मध्ये त्यांना आणि त्यांच्या बायकोला एका गावात बांधून ठेवलेलं आजारी पिल्लू दिसलं, ते घेऊन आले, ब्रुनो नाव ठेवलं, १९९५ मध्ये सँक्च्युरी झाली. झांबियातलं चिमफुन्शी हे गुरांचं फार्म होतं, सिडल जोडप्याचं, १९८३ मध्ये कोणीतरी जखमी पिल्लू आणून दिलं आणि मग आणून देणारे थांबलेच नाहीत. जेन गुडॉल १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास करायला गोंबेच्या जंगलात गेल्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या, डिग्री नव्हती, सेक्रेटरीचा कोर्स केलेला. (बाबांना हे शेवटचं वाक्य दाखवू नका.)

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. हे सगळं वाचून रात्री रडते. थांबवू का तिला?

नका थांबवू, पण काय बघते त्यावर लक्ष ठेवा, शिकारीचे फोटो या वयात नकोत. तिला एका पिल्लाची पूर्ण गोष्ट सांगा. मी एन्डाकासीची सांगते. २००७ मध्ये डीआर काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात रेंजर्सना दोन महिन्यांची माउंटन गोरिला सापडली, मारलेल्या आईच्या अंगाला घट्ट धरून होती. आंद्रे बाउमा नावाच्या रेंजरनं पहिल्या रात्री तिला उघड्या छातीशी धरून ऊब दिली. ती जगली, सेन्क्वेक्वे केंद्रात वाढली, २०१९ मध्ये तिचा मागे उभं राहून सेल्फीत आलेला फोटो जगभर गेला. २०२१ मध्ये आजारपणात ती वारली, त्याच आंद्रेच्या मांडीवर.

हो, शेवट दुःखाचा आहे. पण मध्ये चौदा वर्षं आहेत, आणि मुलं मला नेहमी त्या चौदा वर्षांबद्दलच विचारतात, ती काय खायची, तिला कोण आवडायचं, आंद्रे तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचे. तुमची मुलगी पण तेच विचारेल बघा. आणि मग तिला काहीतरी करायला द्या, कार्ड, चित्र, गल्ला, काहीही. हात रिकामे असले की जास्त रडू येतं.

आमच्या दत्तक पिल्लाला वाढदिवसाचं कार्ड पाठवू का?

पाठवा, पण ते केअरटेकरच्या नावानं पाठवा, पिल्लाच्या हातात गेलं तर ते चघळून टाकेल. केअरटेकरला मात्र फार बरं वाटतं, ऑफिसच्या भिंतीवर लावतात. फक्त तारीख विचारून घ्या, कारण खरा वाढदिवस कोणालाच माहीत नसतो. आलं त्या दिवशी डॉक्टर तोंड उघडून दात मोजतात, किती आले, दुधाचे की पक्के, त्यावरून वय धरतात, आणि बरेच जण मग आल्याचा दिवसच वाढदिवस म्हणून लिहून ठेवतात.